आईचा पहिला पासपोर्ट आणि तीन कागदांवरची तीन नावं

शनिवारातली
नमस्कार मंडळी. इथल्या अनुभवी लोकांची मदत हवी आहे.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. धाकट्या बहिणीचं जर्मनीत बाळंतपण आहे आणि आईला तिच्याजवळ जायचंय. आजवर आईने पासपोर्ट काढलाच नाही, कारण तशी वेळच आली नव्हती. आता कागद काढून बसलो तर डोकं चक्रावलं.

मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर आईचं माहेरचं नाव आहे, कुमुद. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सासरचं नाव लिहिलं, सुनीता. तेव्हापासून रेशनकार्ड, बँक, पॅन, बाबांची फॅमिली पेन्शन, सगळं सुनीता. आधारवरही सुनीता, पण आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. जन्मतारीख मॅट्रिकवर १ जून १९५१ आणि आधारवर नुसतं वर्ष. लग्नाची नोंदणी केलेली नाही. जन्माचा दाखला नाही, कारण जन्म आजोळी, मुळशीकडच्या खेड्यात. थोडेफार कागद आजोबांच्या नदीकाठच्या वाड्यात होते, ते १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेले.

कुमुद आणि सुनीता ही एकच बाई आहे हे सिद्ध करणारा एकही कागद घरात नाही. काय करू? आणि मनातलं सांगते, हे सगळं बघून फार वाईट वाटलं. बाबांचे कागद मी बाबा गेल्यावर एका दुपारी आवरले. त्यांचं नाव जन्मापासून शेवटपर्यंत एकच होतं.

सिंहगड_पहाटे
सगळ्यात आधी अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरच भरा. शोधल्यावर वर येणाऱ्या साइट्समध्ये नक्कल केलेल्याही असतात, त्या जास्त पैसे घेतात आणि कागदपत्रांच्या प्रतीही जमवतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. शंका आली तर १८००-२५८-१८०० हा टोल फ्री नंबर आहे.

कोथरूडकर_काका
एजंटला चार हजार द्या आणि मोकळे व्हा. वय बघता आईंना कशाला त्रास?

निवृत्त_कारकून
काका, माफ करा, पण हा सल्ला देऊ नका. छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, आणि साठीच्या पुढच्या माणसाला नव्या अर्जात दहा टक्के सवलत मिळते, म्हणजे १३५०. एजंट काय करतो? तोच फॉर्म भरतो. आईंना मुंढव्याच्या सेवा केंद्रात स्वतःच जावं लागणार, बोटांचे ठसे आणि फोटो त्यांचेच घेणार. एजंटने कुमुद आणि सुनीता जोडणारा कागद आकाशातून आणला, तर तो खोटा असेल आणि सही तुमच्या आईची असेल.

ताई, तुमच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. एक नावाची, एक तारखेची. नावाची अडचण राजपत्राने, म्हणजे सरकारी गॅझेटने, सुटते. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुनं नाव आणि नवं नाव छापून येतं. अर्ज ऑनलाइन होतो. मॅट्रिकचं प्रमाणपत्र, आधार, फोटो आणि कारण लागतं. कारण 'विवाह'. छापून आलं की त्या पानाची प्रत काढा आणि जपून ठेवा. पुढे बँक, विमा, वारसाहक्क सगळीकडे लागेल.

पण त्याच्या आधी आधारमधलं स्पेलिंग दुरुस्त करा. राजपत्रात, आधारवर आणि पासपोर्टच्या अर्जात आडनावाचं अक्षर न् अक्षर एकच हवं. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून घाईत चुकीची तारीख टाकून ती एक संधी घालवू नका.

अक्षरवेल
शनिवारातली, तुमची शेवटची ओळ वाचून थांबले.

माझ्या लग्नात मी नाव बदललं नाही, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बरं केलंस, मला तर माझं पहिलं नाव कोणी हाक मारून चाळीस वर्षं झाली. पासपोर्टसाठी नाव बदलणं बंधनकारक नाही, आडनावही नाही. पूर्वी लग्नाचं प्रमाणपत्र मागत, डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे झाले तेव्हा ते गेलं. घटस्फोटितेने नवऱ्याचं नाव द्यायलाच हवं असंही नाही. आई किंवा वडील, एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं. एकटीने मूल वाढवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला याचा केवढा आधार झाला! ती केंद्रातून बाहेर आली आणि पार्किंगमध्येच रडली.

सातारी_तर्री
एक जून बघितलं आन हसू आलं. आमच्या घरात पाच जनांचा वाढदिवस एक जून. आज्जा, दोन चुलते, आत्या, वडील. गुरुजींनी नाव घालताना तारीख इचारली, आजी म्हनली पेरनीच्या टायमाला झालं, गुरुजींनी टाकली एक जून. शाळा जूनला उघडायची, वय बरोबर भरायचं. एक जूनला आमच्यात एकच केक आनतो, नावं पाच.

मुठेकाठी
सातारी, आमच्याकडे तीन 😀

निवृत्त_कारकून
नोकरीत असताना एक जूनचे इतके दाखले बघितले की दाखला उघडायच्या आधीच तारीख ठाऊक असायची. त्यात कोणाचा खोटेपणा नव्हता. गावात जन्माची तारीख कोणी लिहून ठेवत नसे, शाळेला मात्र एक तारीख लागायची.

पालावरची
मला जरा वेगळं सांगायचंय, धाग्यापासून थोडं लांब जाईल.

मी येरवडा-विश्रांतवाडी भागात भटक्या-विमुक्त कुटुंबांबरोबर काम करते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला ज्यांची त्यातून सुटका झाली, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. इथे बहुतेकांना कागद शोधावे लागतायत. आमच्या पालावर शोधायलाच काही नाही. बाळंतपण रस्त्यात, पत्ता नाही, शाळा नाही, म्हणून दाखला नाही. दाखला नाही म्हणून शाळा नाही.

गेल्या वर्षी एका मुलीचा जन्मदाखला काढायला आठ महिने लागले. जन्माला एक वर्ष उलटून गेलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. साक्षीदार म्हणून सुईण आणली. तिच्या स्वतःकडे ओळखपत्र नव्हतं, मग आधी तिचं आधार काढलं. भांडी घासून आणि डांबराची कामं करून तिच्या बोटांचे ठसे झिजलेले. मशीन घेईना. एका केंद्रावरच्या मुलाने 'आजी, होणार नाही' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या केंद्रावरच्या मुलीने डोळ्यांची बुबुळं घेऊन दहा मिनिटांत काम केलं. नियम दोघांना एकच होता.

म्हणून सगळ्यांना सांगते, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना 'ठसे येत नाहीत' म्हणून परत पाठवलं असेल तर एकदा बरोबर जा. बुबुळांवर नोंद होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी येऊनही करतात. आधारच्या १९४७ या नंबरवर फोन करून विचारा.

हडपसर_लाइन
पालावरची ताई, आमच्या मावशी जनता वसाहतीत भाड्याने राहतात. घरमालक करारनामा करत नाही, म्हणून आधारवर अजून गावचा पत्ता आहे. काही मार्ग?

पालावरची
त्यांच्या मुलाचं किंवा नवऱ्याचं आधार पुण्याच्या पत्त्यावर असेल, तर 'कुटुंबप्रमुख' म्हणून त्याच्या संमतीने त्यांचा पत्ता बदलता येतो. २०२३ पासून ही सोय आहे. नात्याचा पुरावा लागतो, रेशनकार्ड चालतं.

हडपसर_लाइन
मुलाचं आहे! रविवारी बसतो त्यांच्याबरोबर.

कोथरूडकर_काका
एक कळत नाही. एवढं सगळं आधारवर चालतं, तर आधार दाखवून सरळ पासपोर्ट का देत नाहीत? बोटं दिली, डोळे दिले, अजून काय राहिलं?

वकिलीणबाई
काका, प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर सगळ्यांनी समजून घ्यावं असं मला वाटतं.

आधार हे रहिवाशाचं ओळखपत्र आहे. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत जो १८२ दिवस भारतात राहिला त्याला ते मिळतं, मग तो परदेशी नागरिक का असेना. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. पासपोर्ट मात्र १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली मिळतो, आणि परक्या देशाच्या दारात आपलं सरकार तुमच्या वतीने सांगतं की हा आमचा माणूस आहे, याला वाट द्या. म्हणून तिथे चौकशी जास्त.

पण ती चौकशी म्हणजे सरकारची मर्जी नव्हे. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला आणि कारण सांगायला सरकारने नकार दिला. जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि तो हिरावायची पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. म्हणून खिडकीवर कोणी कागद नाकारला तर शांतपणे, पण ठामपणे, कारण विचारा.

कोथरूडकर_काका
समजलं. धन्यवाद. एजंटचा सल्लाही मागे घेतो.

मुठेकाठी
पोलिस व्हेरिफिकेशनबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या वेळी एका चौकीत एकाने स्पष्ट 'चहापाणी' मागितलं. मी पाचशे दिले. खोटं कशाला सांगू? मुलीची विद्यापीठाची तारीख जवळ आली होती.

सिंहगड_पहाटे
माझ्याकडे आलेल्या हवालदारांनी टॅबवर फोटो काढला, दोन शेजाऱ्यांना विचारलं, पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळे सारखे नसतात.

मुठेकाठी
नसतात, मान्य. पण ज्याच्या वाट्याला तो एक येतो त्याला बाकीच्यांचा काय उपयोग?

वकिलीणबाई
पडताळणीसाठी अर्जदाराने पोलिसांना एक रुपयाही द्यायचा नसतो. कोणी मागितला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर आहे. मुठेकाठी, तुम्हाला दोष देत नाही. मुलीची तारीख जवळ असताना माणूस भांडत बसत नाही आणि मागणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. त्यामुळेच अर्ज सहा महिने आधी करा असं मी सगळ्यांना सांगते.

अक्षरवेल
नावांवर परत येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी लिहायची आहेत. माझ्या भाचीच्या दाखल्यावर तिच्या आईचं नाव बघून माझी आई कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसली होती.

निवृत्त_कारकून
त्याला जोडून नव्या आईबापांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. बाकीचे पर्याय त्याआधी जन्मलेल्यांसाठी. तेव्हा बाळाचं नाव ठरलं की लगेच ते दाखल्यावर चढवा. बारशाचे पेढे वाटून होतात आणि दाखल्यावर नावाची जागा दोन-दोन वर्षं कोरी राहते.

आणि शनिवारातली ताई, काल रात्री एक आठवलं. जन्म मुळशीकडचा म्हणालात. पूर्वी गावात कोतवाल जन्ममृत्यू लिहायचा, गाव नमुना नंबर १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही जुनी पुस्तकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. जातपडताळणीसाठी लोक त्याची नक्कल काढतात. आजोबांचं नाव आणि गाव माहीत असेल तर अर्ज करा. मोडी लिपीत असेल तर वाचणारा शोधावा लागेल, पण १९५१ म्हणजे बहुधा बाळबोध, आपली देवनागरीच.

शनिवारातली
कारकून काका, हे कधी ऐकलंच नव्हतं! आईला सांगितलं तर म्हणाली, 'आम्हां मुलींचं कोण लिहितंय?' तरी अर्ज करते.

सातारी_तर्री
लिवलेलं असतंय ताई. आमच्या आज्जीचं घावलं. जावा.

*(पाच आठवड्यांनंतर)*

शनिवारातली
मंडळी, सांगायला उशीर झाला, पण सांगण्यासारखं खूप आहे.

तहसील कचेरीत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला अभिलेख कक्षातल्या शिपाई दादांनी लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. पानांच्या कडा हात लावताच गळत होत्या. ओळीओळीवर बोट ठेवत गेलो. आजोबांचं नाव सापडलं, गाव सापडलं. पुढे लिहिलेलं: 'मुलगी'. एवढंच. नाव नाही. तारीख ९ ऑगस्ट १९५१.

आई बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावून दाखवलं. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, 'म्हणजे मी श्रावणातली. आई म्हणायचीच, पाऊस मी म्हणत होता.'

आता प्रश्न असा की पासपोर्टवर कोणती तारीख घालू? खरी ९ ऑगस्ट आहे.

मुठेकाठी
खरी ती घाला ना! चौऱ्याहत्तर वर्षांनी सापडलीय.

निवृत्त_कारकून
मुठेकाठी, भावना पोचली. पण त्या नोंदीत नाव नाही, त्यामुळे ती आईंचीच आहे हे कागदावर सिद्ध होत नाही. उद्या कोणी म्हणेल बहीण असेल. मॅट्रिक, पॅन, पेन्शन, सगळीकडे १ जून आहे. मॅट्रिकचं प्रमाणपत्र मान्य पुरावा आहे, त्यावरच अर्ज करा. एका ठिकाणी ऑगस्ट आला तर पेन्शनपासून व्हिसापर्यंत सगळीकडे उत्तरं देत बसाल.

अक्षरवेल
मला हे पटत नाही, कारकून काका. नाव लग्नात बदललं, तारीख गुरुजींनी घातली, आणि आता खरी तारीख हातात आली तरी ती वापरायची नाही?

वकिलीणबाई
अक्षरवेल, तुमचं म्हणणं योग्य आहे आणि तरीही मी कारकून काकांच्या बाजूने. अर्जातली प्रत्येक गोष्ट पुराव्यावर उभी राहिली पाहिजे. नाव नसलेली नोंद जन्माचा पुरावा आहे, कुमुदच्या जन्माचा नाही. ती दुरुस्त करून नाव चढवता येतं का ते सावकाश बघू, पण बाळंतपण थांबणार नाही.

शनिवारातली
आईनेच निकाल दिला. 'कागदावर जून राहू दे, पुरणपोळी ऑगस्टात करा.'

*(अडीच महिन्यांनंतर)*

शनिवारातली
पासपोर्ट आला!!!

क्रमाने सांगते, पुढच्यांना उपयोग होईल. आधी आधारचं स्पेलिंग आणि जन्मतारीख नीट करून घेतली. मग राजपत्र, त्यात 'कुमुद' आणि 'सुनीता' एकाच ओळीत छापून आले. मग अर्ज. अर्जात एक प्रश्न आहे, तुम्ही आणखी कोणत्या नावाने ओळखले जात होता का. मी टाइप करत होते. आई म्हणाली थांब, कागदावर आधी मी लिहिते, आणि 'कुमुद' असं वळणदार लिहून दिलं. मग मी ते भरलं.

मुंढव्याला सकाळची वेळ मिळाली. ज्येष्ठांबरोबर एकाला आत सोडतात, म्हणून मी होते. टोकन, मग ए काउंटरला कागद स्कॅन, ठसे आणि फोटो. फोटोची पार्श्वभूमी पांढरी असते, म्हणून गडद साडी नेसवली होती. बी काउंटरला मूळ कागद तपासले. बी वरच्या बाईंनी राजपत्राचं पान वाचलं आणि आईला विचारलं, 'घरी काय म्हणतात?' आई म्हणाली, 'कोणी कुमुद म्हणणारं राहिलं नाही.' बाई दोन क्षण काही बोलल्या नाहीत, मग शिक्का मारला. सी काउंटरला पाच मिनिटं. सगळं मिळून दीड तास.

पोलिस घरी आले, नीट बोलले, काही मागितलं नाही. आणि आज स्पीड पोस्ट. पोस्टमन दादांनी माझ्या हातात दिला नाही, आईलाच बोलावून तिची सही घेतली. निळ्या कव्हरवर सोनेरी चिपची खूण आहे. आईने चष्मा लावून आतलं प्रत्येक पान उलटलं. पुस्तिका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात असं सांगितल्यावर म्हणाली, 'नाशिकचीच आहे होय, मग आपलीच.'

सातारी_तर्री
काकूंना साष्टांग नमस्कार सांगा!

पालावरची
डोळे भरले. आमच्या त्या मुलीचं नाव जूनमध्ये पहिलीच्या हजेरीपटावर आलं, तेही इथे सांगून टाकते.

हडपसर_लाइन
आमच्या मावशींचा पत्ता बदलला. पालावरची ताई, तुमच्यामुळे.

कोथरूडकर_काका
अभिनंदन. सौ.चा पासपोर्ट काढायला घेतोय, तिचंही लग्नात नाव बदललंय. राजपत्राचा अर्ज आज रात्री भरतो. अडलं तर इथेच विचारेन.

निवृत्त_कारकून
विचारा. आणि शनिवारातली ताई, आता जर्मनीसाठीच्या शेंगेन व्हिसाला लागा. प्रवास विमा किमान तीस हजार युरोचा लागतो, बहिणीचं निमंत्रणपत्र मागवा, आणि राजपत्राची एक प्रत इंग्रजी भाषांतरासकट आईंच्या पर्समध्ये ठेवा.